बांधावरची उशी

१

कोजागिरीच्या दुपारी नार्व्याच्या खाजनात खारं पाणी शिरलं. कापणीला आठ दिवस उरलेलं पंचवीस घरांचं भात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं.

ही शेतं नदीच्या पातळीखालची. नदी आणि शेत यांच्यामधे मातीचा बांध, आणि बांधात लाकडी दाराची मोरी. तिला मानस म्हणतात. भरती चढायच्या आत मानशीची जाड फळी खाचेत खाली सोडायची, ओहोटी लागली की उचलायची. वीस वर्षं हे काम विठू करत होता. पुनवेची भरती सगळ्यांत मोठी, आणि नेमकी त्या दिवशी फळी वरच राहिली. मासे धरणारा बाबली होडी घेऊन तिथे पोचला तेव्हा लोंढा आत घुसला होता, आणि विठू बांधावर आडवा पडला होता. जीभ जड, उजवा हात लुळा, आणि शेजारी काजूफेणीची अर्धी बाटली.

ही बातमी कमलाक्षीबाईंना कळली ती देवळाच्या पायरीवर, कीर्तनाला उभं राहायच्या घटकाभर आधी.

कमलाक्षीबाई डिचोलीच्या शाळेत मास्तरीण होत्या. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, पण कीर्तन सुटलं नव्हतं. नार्व्याच्या या वाड्यावर मुरलीधराच्या देवळात दरवर्षी सप्ताह, आणि सातही दिवस बाईंचंच कीर्तन. त्यांच्या पाठीशी झांज धरून उभा राहायचा तो विठू. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात सतत नाम. बाईंचा पाय थिरकायचा तो त्याच्या झांजेवर. त्या संध्याकाळी मागे झांज नव्हती, आणि बाईंच्या मनात राग होता. आपल्या माणसानं फसवलं की येतो तो राग.

उत्तररंगात आख्यान रंगात आलं असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, “गळ्यात माळ आणि बगलेत बाटली! अशा भक्ताला देव म्हणाला, बाबा रे, मी बुडणाऱ्याला तारतो, गाव बुडवणाऱ्याला नाही!”

सभामंडप हसला. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतच बाईंना तो दिसला. अगदी शेवटच्या खांबाशी, मुलीच्या, साक्षीच्या, खांद्याचा आधार घेऊन विठू बसला होता. दुपारी जीभ वळत नव्हती, तरी कीर्तन चुकवायला त्याला जमलं नव्हतं. त्यानं देवाला हात जोडले, बाईंनाही जोडले, आणि साक्षीच्या आधाराने उठून निघून गेला.

आरतीनंतर बाई त्या खांबापाशी गेल्या. विठू उशिरा, पाय धुऊन आत आला होता. फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे अजून सुकले नव्हते. बाई बघतच राहिल्या. टाच उठली होती, बोटं उठली होती. पण मधलं पाऊल फरशीला लागलंच नव्हतं. जणू दोन वेगवेगळ्या माणसांनी अर्धं अर्धं पाऊल ठेवलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याची कमिटी बसली. विठूला विचारलं. तो आता स्वच्छ बोलत होता.

“होय. प्यालो,” तो म्हणाला. आणि हे म्हणताना त्यानं एकदाच बायकोकडे, अनुसयेकडे, पाहिलं.

निकाल झाला. मानस काढून घेतली. देवापुढे झांज धरायची नाही. बाईंना वाटलं, हा आता तरी काही बोलेल. त्यानं कमिटीच्या कागदावर सही करायला पेन मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं.

बाईंच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. मग एकेक आठवत गेलं. गेल्या वर्षी घरी आला होता, बुक्क्याची डबी उघडायला दिली, तर त्यानं झाकण दातांनी उघडलं होतं. झांजेची दोरी पूर्वी बोटांत धरायचा, दोन वर्षांपासून मनगटाला गुंडाळायचा, बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला होता, “सवय, बाई.”

ती फेणीची बाटली कमिटीच्या मेजावरच होती. पत्र्याचं झाकण. बाईंनी चष्मा पुसून ते फिरवून फिरवून बघितलं. दाताचा एकही ओरखडा नव्हता.

त्या थेट बाबलीकडे गेल्या. बाबली अंगणात जाळं शिवत बसला होता.

“बाबली, वास येत होता?”

“तर! भपकन! तुमका खोटा कित्याक सांगू?”

“तोंडाला?”

“तोंडाकडे मी खंय होतंय? उचलताना डोक्याकडे प्रमोदबाब. मी पायांक धरलेलंय.”

“मग तुला वास कुठून आला?”

बाबलीचा हात थांबला. त्यानं सुई जाळ्यात खोचली. “पायांक, बाई,” तो हळूच म्हणाला. “पोटऱ्यांक येय होतो.”

“पायांनी कोण पितं रे?”

“आता तुमी असा विचारतास म्हणान... मी काय म्हणतंय, सांडली आसतली.”

“बाटली सांडलेली होती?”

“नाय. उभी होती.”

“आणि तो आडवा.”

“आडवो. डोक्याखाली टुवाल.”

“चुरगळून?”

“नाय गे बाये, घडी! चारपदरी. पोथी बांधतत तशी.” बाबलीनं स्वतःच आपल्या शब्दांकडे नवलानं पाहिल्यासारखं केलं. “दाढयेक शितां लागलेली. मी म्हटलंय, ओकलो. पण ओकलेला काय दिसूक नाय.”

बाई उठल्या. मागून बाबली म्हणाला, “घराणाच तसला, बाई. हरमलचो भाचो, गोपाळ, गेल्या साली स्कूटरवरसून पडलो. तो पण असोच बोबडत होतो. मामा भाचे दोगय!”

बाई फाटकापाशी थबकल्या. मामा आणि भाचा. मामाच्या आईकडून भाच्याच्या आईकडे, रक्तातून जाणारी दारू त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

३

वाड्यावर कुजबूज होती ती प्रमोदची. शेतकरी संघाचा हा अध्यक्ष. या खाजनात कोळंबी सोडावी म्हणून दोन वर्षं तो खटपट करत होता. आणि कोळंबीला हवं खारं पाणी. भात गेलं तर कोणाचं साधणार होतं, हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं एवढंच.

“बसा, बाई. आणि सरळ विचारा,” प्रमोद म्हणाला. “बाटली मी ठेवली का, हेच ना?”

“ठेवलीस?”

“माझ्या स्वतःच्या भाताचे आठ कुणगे पाण्यात आहेत! मेलेल्या भाताच्या घरांकडून मी कोळंबीवर सह्या घेणार? आता दारात उभं करतील का मला?”

“बरं. तू डोक्याकडे होतास. त्याच्या तोंडाला वास होता?”

प्रमोद जनेलातून बाहेर बघत राहिला. “नव्हता. कालपासून तेच टोचतंय.”

“मग कमिटीत का गप्प बसलास?”

“तो स्वतःच हो म्हणाला! आणि मी बाजू घेतली असती तर लोक म्हणाले असते, फळी यानंच वर ठेवायला लावली, आता सावरतोय.” तो खिन्न हसला. “शिवाय वाटलं, होऊन गेलं ते गेलं. त्या साक्षीचं स्थळ मीच जमवलंय. पाळी गावचे लोक. तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा. काल रात्री फोन करून मीच त्यांना सगळं सांगितलं, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. काय म्हणाले माहीत आहे? ‘सासऱ्याची दारू आम्हाला काय करायचीय? मुलगी नि घराणं निरोगी आहे ना, बस.’”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“प्रमोद, तू नाहीस. आणि दुसरा कोणी वैरीही नाही.”

“कशावरून?”

“वैऱ्यानं बाटली ठेवली असती. उशी नसती ठेवली.”

बाई जणू स्वतःशीच बोलत होत्या. “त्याचं डोकं उचलून खाली टॉवेलाची घडी सारणारं, त्याला पेज भरवणारं आणि शेजारी बाटली ठेवून त्याची अब्रू घालवणारं माणूस एकच आहे. असं कोण असतं रे?”

४

हरमलला विठूची थोरली बहीण. भाग्यलक्ष्मी तिचं नाव. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधून ती पर्यटकांना द्यायची. बाई त्याच दुपारी पोचल्या तेव्हा ती ओसरीवर उन्हात पाय पसरून बसली होती. पायांच्या कमानी धनुष्यासारख्या उंच, आणि चपलेला मागून पट्टीची गाठ.

“ही गाठ का गं?”

“निसटते, बाई. आमच्या आईचीही निसटायची.”

तेवढ्यात आतून गोपाळ आला. सव्वीस वर्षांचा पोर. प्रत्येक पाऊल टाकताना गुडघा उंच उचलायचा, पाण्यातून चालावं तसा. बाईंनी बघितलं ते भाग्यलक्ष्मीनं बघितलं, आणि तिचे डोळे भरले.

“कोणाला सांगू नका, बाई. विठूनं शपथ घातलीय. पोरीचं ठरेपर्यंत.”

“ठरेल न ठरेल, ते देव बघेल. पण मला खरं सांग. गोपाळ स्कूटरवरून पडला तेव्हा प्याला होता?”

“एक थेंब नव्हता! ताप होता अंगात, आणि तसाच दिवसभर खोल्यांतल्या गादीबिछान्यांची ओढाताण. तोंड वाकडं, शब्द फुटेना, एक हात मेल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सगळं परत आलं. तरी लोक अजून दारुडाच म्हणतात. मोठ्या इस्पितळात नेला, रक्त तपासलं. म्हणाले, हे आईकडून आलंय.” तिनं पदर तोंडाला लावला. “माझ्याकडून, बाई.”

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, शुभांगी, आता नसांच्या आजारांची डॉक्टर होती. परतीच्या बसची वाट बघताना बाईंनी तिला फोन लावला. कोणाचं नाव न घेता सगळं सांगितलं.

“मी न तपासता कोणाविषयी ठाम बोलणार नाही, बाई,” शुभांगी म्हणाली. “पण असा आजार आहे. घराण्यातून येतो. हातापायांच्या नसा हळूहळू निकामी होत जातात. पावलाला उंच कमान येते, पंजा उचलत नाही, बोटांची चिमूट धरत नाही. याचे प्रकार पुष्कळ. त्यांतल्या एकात बिघडलेलं जनुक असं असतं की ते हातापायांच्या नसांना लागतं तसं मेंदूलाही लागतं. एरवी मेंदूचं काही जाणवत नाही. पण तापात, फार श्रमांत, एखाद्याची अचानक वाचा जाते, एक बाजू लुळी पडते. काही तासांत परत येतं. म्हणून तर लोकांना ती दारू वाटते.”

“परत येतं ना?”

“येतं, बाई. पण त्या वेळी माणूस स्टेअरिंगवर असेल तर? पाण्याच्या काठाशी असेल तर?”

बाईंच्या डोळ्यांपुढे बांध आला, आणि चढती भरती.

“त्या माणसाला मुलं?” शुभांगीनं विचारलं.

“एकच मुलगी.”

“मुलगा असता तर सुटला असता,” शुभांगी म्हणाली. “या प्रकारात बापाकडून मुलाला येत नाही. मुलीला मात्र येतंच.”

५

बाई तशाच विठूच्या घरी गेल्या. अनुसया दारातच उभी राहिली.

“निजलेत ते, बाई. काल ताप होता ना.”

“कमिटीत तापाचं कोणी बोललं नाही, अनुसया.”

ती बाजूला झाली. विठू उठून बसला, खाली उतरून बाईंच्या पाया पडायला वाकला. बाईंनी त्याचे हात धरले. अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलं नव्हतं. हाडाला नुसती कातडी. वीस वर्षं हा माणूस पाठीशी उभा होता, आणि पाठीला डोळे नसतात, असं बाईंनी मनाला समजावलं. समजूत पटली नाही.

“काल सकाळी तुझ्या अंगात ताप होता,” बाई हळू बोलू लागल्या. “त्यातच पुनवेच्या भरतीच्या भयानं तू पहाटेपासून बांधाला चिखल लिंपलास. पोटऱ्यांना गोळे आले. अकराला अनुसया पेज घेऊन आली. तुझ्या पायांना चोळायला घरातली फेणीही तिनं आणली. आपल्याकडे सर्दीला, अंगदुखीला चोळतातच. ती पाय चोळत होती आणि तुझी जीभ गेली. तिनं तुझ्या डोक्याखाली टॉवेल दिला. पेजेचा घोट देऊन बघितला. तो हनुवटीवरून ओघळला. फळी उचलून खाचेत सोडणं तिच्या एकटीच्या ताकदीबाहेरचं. आणि पाणी चढत होतं.”

“बाई, गप्प बसा!” विठू कळवळला. “मी प्यालो म्हटलं ना? मग मी प्यालो. तुम्हाला मुरलीधराची आण.”

“नाही, मला बोलू द्या,” अनुसया म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली. “हाक मारायला उठले तर बाबलीचं गाणं ऐकू आलं, होडीवरचं. म्हटलं, देव पावला, माणूस आलं. आता हे वाचले. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, बाबलीनं यांना असं बघितलं की गावभर होणार. गोपाळसारखंच, म्हणणार. इस्पितळात न्या, म्हणणार. पाळीला कळणार. भांडं उचललं, टोपली उचलली. बाटली उचलायला वाकले... आणि हात थांबला, बाई. तसाच थांबला. बाटली तिथेच ठेवली, आणि झाडांच्या आड जाऊन उभी राहिले. नवऱ्याला मेलेल्या बैलासारखं उचलून नेताना बघत.”

तिनं पदर सावरला.

“दारुड्याच्या मुलीला स्थळ मिळतं,” ती म्हणाली. “असल्या दुखण्याच्या घरातल्या मुलीला कोण विचारतो?”

“शुद्धीवर आलो, तर सगळे प्यायला प्यायला म्हणत होते,” विठू म्हणाला. “मला आधी कळेना. मग हिच्याकडे बघितलं, तेव्हा कळलं. हिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.”

“आणि त्यावर मी देवापुढे उभं राहून तुझं हसं केलं,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला काय ठाऊक, बाई.”

“ठाऊक नव्हतं तर बोलायचं नव्हतं.” बाईंनी डोळे पुसले. “मी कोणाला सांगणार नाही. विठू, अब्रू तुझी आहे, ती कशी मोडायची ते तूच ठरव. पण साक्षीला तू सांगायचं. ते तिच्याही अंगात आहे. तिच्यापासून चोरलेलं तिचंच आहे ते.”

“मला सांगायला नको,” मागच्या दारातून आवाज आला. साक्षी विहिरीवरून घागर घेऊन आली होती. तिनं ती शांतपणे खाली ठेवली. “दसऱ्याला गोपाळदादानं सांगितलं. माझी चप्पल दोन वर्षं निसटतेय, बाबा. तुम्ही दोघं मला कळू नये म्हणून झटत होतात, म्हणून मीही गप्प राहिले.”

अनुसयेनं कपाळ बडवून घेतलं. साक्षीनं तिचा हात धरला.

“पाळीला मी सांगते, आई. मीच.”

“नको गो! थोडं थांब, नांदायला लागलीस की—”

“त्यांना फसवून नांदू? आणि उद्या माझी जीभ गेली की काय करशील? माझ्याही शेजारी बाटली ठेवशील?”

हे बोलून साक्षीच रडायला लागली, आणि मग आईला धरून बसली, बराच वेळ.

६

पाळीहून ठरलेल्या मुलाची, साईशची, आई स्वतः आली. भली बाई. साक्षीच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, “तू सांगितलंस हे तुझं मोठेपण, बाये. पण आमचा एकुलता एक.” चहा घेतला नाही. जाताना अंगणात तिनं डोळे टिपले. साईश गाडीतच बसून होता. काच खाली झाली नाही.

त्याच संध्याकाळी अनुसया कमिटीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “बाटली मी ठेवली.” पुढचं सगळं तिनं एका दमात सांगितलं. प्रमोदनं कमिटीचा कागद फाडला. शेवटी बाबली म्हणाला, “भात गेला ता गेला. मानशीवर हेच्या वांगडा मी बसतंय. एकट्यान बसाचा नाय एवढाच.” शुभांगीनं विठूला आणि साक्षीला इस्पितळात बोलावलं होतं, औषधानं हे जाणार नव्हतं, एवढं तिनं फोनवरच प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. गोपाळकाला. बाई उभ्या राहिल्या, पण नमनाला आरंभ करेनात.

“पुनवेला या जागेवरून मी एका माणसाची थट्टा केली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. तो माणूस प्याला नव्हता. तो आजारी होता. लेकीसाठी त्यानं दारूचा बोल सोसला, आणि वर माझाही सोसला. मी देवाची क्षमा मागत नाही. देव देऊन टाकतो. मी विठूची मागते. तो येईपर्यंत मी उभी राहीन.”

मृदंगावरचा हात थांबला होता.

बाहेर पायरीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. विठू आत आला, आणि त्याच्या मागून साक्षी. पुढे येऊन त्यानं झांज उचलली. दोरी मनगटाला गुंडाळायला लागला, पण गाठ बसेना. गेली दोन वर्षं तो कोपऱ्यात तोंड फिरवून ती बांधायचा. आज सगळ्यांच्या देखत बोटं चुकत राहिली. साक्षीनं पुढे होऊन दोन वेढे दिले आणि गाठ मारली. तिलाही ती दुसऱ्या खेपेला जमली.

झांज वाजली. बाईंनी नमनाला आवाज लावला, तो पहिल्या ओळीत फाटला. त्यांनी तो सावरला नाही. मान खाली घातली.

दारापासून देवापर्यंत ओल्या पावलांच्या दोन रांगा आल्या होत्या, एक मोठी, एक लहान. टाच आणि बोटं, टाच आणि बोटं, मधे कोरडी फरशी. बाया बसल्या होत्या त्या अंग आवरून सरकल्या, आणि ठसे सुकेपर्यंत कोणी त्यांच्यावर पाय दिला नाही.